पाचही मशिनं एकदम बदलू का? तारकर्लीच्या पत्राला उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. घराच्या चार खोल्या तुम्ही पर्यटकांना देता. चारही एसी पाच वर्षांचे आहेत आणि त्यातले दोन नीट गार करत नाहीत. फ्रिज नऊ वर्षांचा आहे. दुकानदार म्हणतो, जुनी पाचही मशिनं द्या, नव्या पाचांच्या किमतीतून त्यांचे 18,000 वजा करतो आणि उरलेले 1,94,400 बिनव्याजी 18 हप्त्यांत भरा, महिना 10,800. रोख भरलेत तर त्यातले 12,000 कमी. बँकेत तुमचे 1,20,000 आहेत. घेऊ की नको, असं विचारलंय.

पाचही एकगठ्ठा घेऊ नका.

आधी त्या ‘बिनव्याजी’चं बघू. रोख भरणाऱ्याला 12,000 सोडले जातात, म्हणजे हप्त्यानं घेणाऱ्याकडून तेवढेच जास्त घेतले जातात. हिशेब केला तर हा वर्षाला आठ टक्क्यांच्या वरचा दर पडतो, प्रोसेसिंग फी धरली तर आणखी. दर तसा जबर नाही, मला भीती वेगळीच आहे. एप्रिलपासून 18 हप्ते म्हणजे पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत. त्यात दोन पावसाळे येतात. जून ते ऑगस्ट खोल्या रिकाम्या असताना सहा हप्ते, म्हणजे 64,800 रुपये, तुम्ही कुठून भरणार? आठ महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांचा हप्ता बांधून घेऊ नये, असं किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला मी सांगते.

दुसरं, ही मशिनं बिघडली कशानं? माझं माहेर वेंगुर्ल्याचं. तिथल्या गच्चीवरच्या एसीच्या बाहेरच्या डब्यामागची जाळी मी एकदा बोटानं चाचपली, तर पांढऱ्या भुकटीसकट पापुद्रा हातात आला. तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या एकमेकींना चिकटून असतात. त्यावर खारं वारं बसलं की ॲल्युमिनियम झपाट्यानं खाल्लं जातं, गार करण्याची ताकद घटते आणि पुढे कुठेतरी गळती लागून गॅस जातो. तुम्ही लिहिलंय की दोन्ही एसींत दरवर्षी गॅस भरावा लागतो आणि चारही डबे समुद्राच्या बाजूच्या भिंतीवर आहेत. नवा एसी त्याच भिंतीवर टांगलात, तर त्याचंही हेच होणार. चार जुने भंगारात, आणि पाच वर्षांनी चार नवेही भंगारात.

म्हणून पहिला पैसा जागेवर घाला. डबे पूर्वेच्या अंगाला, परसदारी माडांच्या आडोशाला हलवा. वाढीव नळीसकट 14,000 धरा. चालू एसी हलवताना मेकॅनिकला आधी पंप-डाऊन करून गॅस बाहेरच्या डब्यात ओढून घ्यायला सांगा, हवेत सोडू देऊ नका. हल्लीच्या बऱ्याच एसींत असणारा आर-32 गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 675 पट हवा तापवतो, आणि तो पुन्हा भरायचे पैसे तुमचेच जातात. मग सीझनभर दर पंधरा दिवसांनी मेन स्विच बंद करून जाळीवर विहिरीच्या गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. एवढी एक सवय लागली तरी मशीन कितीतरी जास्त टिकतं.

मालवणच्या मेकॅनिकनं सांगितलेले आकडे तुम्ही पाठवलेत. एका एसीचा कंडेन्सर, म्हणजे बाहेरच्या डब्यातली ती नळ्यांची जाळी, बदलायला 9,500. तो करून घ्या. दुसऱ्याचा कंडेन्सरही गेलाय आणि बोर्ड दोनदा जळलाय, मिळून 21,000. नवा 38,000 ला मिळत असताना निम्म्याहून जास्त पैसे दुरुस्तीत घालू नका, तो एकच बदला, रोखीनं. घेताना जाळीवर गंजरोधक थर आहे का, सुटे भाग किती वर्षं मिळतील, हे विचारा. एसीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, तोही बिलात तपासा.

चांगले चालणारे दोन एसी मात्र दुकानदाराला देऊ नका. 18,000 भागिले पाच, म्हणजे 3,600 ला एक. चालत्या मशीनची ही किंमत नव्हे! नवे घेतले की वीजबिल वाचेल असं तो म्हणतो, तेही मांडून पाहू. एसीच्या स्टार लेबलवरचे विजेचे युनिट वर्षाला 1,600 तास धरून काढलेले असतात. तुमच्या खोल्या 120 रात्री भरतात, आठ तासांनी 960 तास झाले. तासाला पाव युनिट वाचलं आणि युनिट दहा रुपये धरलं, तर वर्षाला 2,400. अशानं 38,000 वसूल व्हायला जवळपास 16 वर्षं लागतील. खाऱ्या हवेत एवढी वर्षं टिकलेला एसी कुणी पाहिलाय?

फ्रिजच्या दारात कागद अडकवून ओढा. सहज निसटला तर रबर सैल झालंय. ते आणि थर्मोस्टॅट मिळून 2,300 सांगितलेत, करून टाका.

सगळं मिळून 63,800. बँकेत 56,200 उरतात, पावसाळ्यातल्या घरखर्चाला. ऑक्टोबर ते मे महिना 3,000 ची आवर्ती ठेव लावा. सीझनअखेर 24,000 आणि वर व्याज जमेल, पुढचा एसी त्यातून येईल.

पत्राच्या शेवटी सहज लिहिलंत की पाहुण्यांसाठी सीझनला 110 खोके बाटल्या लागतात, 130 रुपयांना बारा. म्हणजे 14,300 रुपये आणि 1,320 रिकाम्या बाटल्या. विहिरीचं पाणी एकदा तपासून घ्या, त्याला साजेसा फिल्टर बसवा आणि खोलीत झाकणाचा स्टीलचा तांब्या ठेवा. पहिल्याच सीझनमध्ये फिल्टरचे पैसे निघावेत.

जो एक एसी जाणार आहे, तो दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. तो तांबं काढायला नळ्या कापतो आणि उरलेलं जाळतो किंवा व्हाळात, म्हणजे ओढ्यात, टाकतो. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या मालाची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादक कंपनीवर आहे. नवा एसी घेताना दुकानदाराला विचारा, जुना कोणत्या नोंदणीकृत रिसायकलरकडे जाणार? आणि मशीनचा नंबर घातलेली पावती हातात पडल्यावरच जुना डबा गाडीत चढवू द्या.