बी ग्रुप घेतला म्हणजे पेशी ठरली?

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बी ग्रुपमधून (म्हणजे गणिताऐवजी जीवशास्त्र घेऊन) बारावी झाली. नीट दोनदा दिली, दोन्ही वेळा एमबीबीएसची सीट हुकली. आता ती म्हणते, बेडकाच्या गर्भातल्या पेशी विभागायचं कधी थांबवतात आणि स्नायू व्हायचं की चेतापेशी हे कसं ठरतं, यावर संशोधन करायचंय. वडिलांचा प्रश्न : तिसऱ्या प्रयत्नासाठी कोटा बरं की राजकोट?

भाऊसाहेब, दोन्ही नको. तुमच्या पत्रात क्लासची फी आहे, मेहुण्याच्या मुलाचे मार्क आहेत, ‘लोकांना काय सांगू’ तर तीनदा आहे. मुलीबद्दल मात्र जाता जाता एकच वाक्य : ‘हल्ली ती जेवायला खाली येत नाही.’ मी तिथेच अडकलो. ताटावर बसलं की निकालाचा विषय निघतो, म्हणून पोर उपाशी वर बसते, आणि तुम्ही मला क्लास विचारता? आठवडाभर घरात नीट, मार्क, मेहुण्याचा मुलगा, काही काढू नका. तरीही ती वरच राहिली, तर मनाच्या डॉक्टरांना दाखवा. त्यात लाज कसली?

तुम्ही लिहिता, ‘पेशी एकदा ठरली की मागे फिरत नाही, हे तीच सांगते. मग बी ग्रुप घेतल्यावर ही कशी फिरते?’ युक्तिवाद छान आहे, पण चुकीचा आहे. जॉन गर्डन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक काढून, स्वतःचं केंद्रक नष्ट केलेल्या अंड्यात घातलं. काही अंड्यांतून पिल्लं वाढली. हे १९६२ सालचं काम, २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आतडं झालेल्या पेशीजवळ अख्ख्या बेडकाची माहिती शाबूत असते, तिने काही टाकून दिलेलं नसतं. मुली पेशी नसतात हे मलाही कळतं, पण उपमा तुम्ही काढलीत.

(घरात आजींना बेडूक कापायची धास्ती असेल तर सांगा, अंड्यांसाठी मादी कापत नाहीत, शुक्राणूंसाठी मात्र सहसा नराला मारावं लागतं. मादीला हार्मोनचं इंजेक्शन दिलं की ती अंडी घालते.)

आता मुलीला. बाळ, नीटपासून पळायला बेडूक धरला असशील तर तो हातातून सटकेल. झेनोपस बेडकाची अंडी दुपारी बाराला फलित केलीस तर दीडच्या सुमाराला पहिलं विभाजन, मग साधारण दर अर्ध्या तासाला एक. संध्याकाळी सातपर्यंत बारा विभाजनं होऊन चार हजारांच्या आसपास पेशी. तोवर गर्भ जवळजवळ सगळा आईने अंड्यात भरून दिलेल्या शिदोरीवर चालतो. मग वेग मंदावतो आणि त्याची स्वतःची जनुकं जोमाने कामाला लागतात. हे पाहायला खुर्ची सोडता येत नाही, आणि बॅच बिघडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. हे वाचून कंटाळा आला असेल तर खुशाल सांग.

रस्ते ठाऊकच आहेत : आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा (बी ग्रुप चालतो, पण साठातले पंधरा प्रश्न गणिताचे, बारावीच्या सालाची अट माहितीपत्रकात बघ), नाहीतर बडोद्यातच सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र. पुढे पीएचडीला बापाचे पैसे लागत नाहीत, जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात.

भाऊसाहेब, पुढचं पत्र तिच्या अक्षरात येऊ द्या. क्लासचा पहिला हप्ता तोवर भरू नका.