५६ नंबरची सायकल घेऊ नकोस

प्रिय,

तुझा काल रात्रीचा मेसेज तीनदा वाचला. रविवारी ग्रुप पुढे निघून गेला, शेवटचे वीस किलोमीटर तू एकटीने काढलेस, आणि घरी आल्यावर सायकल भिंतीला टेकवून तिच्याकडे बघत बसलीस. ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ असं लिहिलंस. त्या वाक्याने माझी झोप उडवली, कारण ते वाक्य मी स्वतःला चार वर्षं ऐकवलेलं आहे.

पण मला खरा धक्का बसला तो शेवटच्या दोन ओळींनी. ग्रुपमधला एक जण नवी सायकल घेतोय, त्याची जुनी रोड बाइक (खाली वळलेल्या ड्रॉप हँडलची, वाकून चालवायची) स्वस्तात देतोय, ५६ नंबरची आहे, आठवड्यात सांगायचंय. पानभर तू मला कार्बन की ॲल्युमिनियम, डिस्क ब्रेक की रिम ब्रेक, मागे किती गिअर हे विचारलंस, आणि ५६ हा आकडा जाता जाता टाकून दिलास. बाकीचं सगळं राहू दे. मला त्या आकड्याबद्दलच बोलायचंय.

तुझी उंची पाच फूट तीन इंच. माझीही तेवढीच. ५६ ची फ्रेम, म्हणजे साधारण ५६ सेंटिमीटर मापाचा सांगाडा, बहुतेक पाच फूट दहा इंचांच्या पुढच्या माणसाची असते. ती सायकल कितीही चांगली असो, तुझी नाही.

मीही अशीच एक घेतली होती. माझी जुनी स्टीलची सायकल मला अगदी नेमकी बसत होती, पण जड होती, आणि सगळे ड्रॉप हँडलवर वाकून पुढे जाताना मी मागे ताठ बसलेली दिसत असे. ती मी देऊन टाकली. नवी रोड बाइक मोठी आहे हे पहिल्याच फेरीत कळलं होतं. विकणारा म्हणाला, सवय होईल. मला ते ऐकायचंच होतं, म्हणून मी ते ऐकलं. हात सरळ ताणल्याशिवाय ब्रेकपर्यंत पोचत नव्हते, कोपरं कधी सैल होत नव्हती, सगळा भार तळव्यांवर. स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, आखूड केलं, तर हँडल बुजऱ्या घोड्यासारखं वळायला लागलं. सीट पुढे सरकवली, तर गुडघ्याच्या वाटीपुढे दुखायला लागलं. एक दुखणं दाबलं की दुसरं वर यायचं.

मग मी २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत अंतर पूर्ण करायच्या फेरीला, नाव दिलं. १४० व्या किलोमीटरला डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पूर्ण बधिर झालं. ब्रेक दाबला जाईना. पुढे उतार होता, म्हणून मी उतरले आणि रस्त्याकडेला बसून राहिले. वेळ शिल्लक होती, पायांत जोर होता, हात गेला होता. मनगटापाशी तळव्याच्या कडेने जाणारी नस दबली की हेच होतं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी मात्र मी एवढंच म्हटलं की माझा सराव कमी पडला. त्यानंतरही ती सायकल मी विकली नाही. आणखी सराव केला, आणखी दुखवून घेतलं. कारण सायकल चुकली असं कबूल केलं असतं तर मी चुकले हे कबूल करावं लागलं असतं. ती चार वर्षं मला परत हवी आहेत, आणि ती मिळणार नाहीत.

म्हणून म्हणते, आधी माप. धातू, गिअर, ब्रेक, रंग, सगळं त्यानंतर.

सायकलवर काय बदलता येतं आणि काय नाही हे एकदा नीट समजून घे. सीट वर-खाली होते, थोडी पुढे-मागे होते. स्टेम एखाद-दोन सेंटिमीटरने लांब-आखूड करता येतं. फ्रेम बदलत नाही. थोडी लहान फ्रेम सीटपोस्ट वर काढून, स्टेम वाढवून जमवून घेता येते. मोठी फ्रेम लहान करता येत नाही. आणि ५४, ५६ या आकड्यांवरही आंधळा विश्वास ठेवू नकोस, प्रत्येक कंपनी वेगळ्या ठिकाणाहून मोजते. स्टॅक आणि रीच हे दोन आकडे मिलिमीटरमध्ये माग. पॅडल ज्याभोवती फिरतात त्या मधल्या आसापासून फ्रेमचं पुढचं तोंड, जिथे हँडल बसतं ते, किती उंच आहे ते स्टॅक, किती पुढे आहे ते रीच. ज्या सायकलवर तुला आज बरं वाटतं तिचे हे आकडे आणि नव्या सायकलचे आकडे शेजारी ठेव. यात न समजण्यासारखं काही नाही, कंटाळा आहे एवढंच.

तुला वाटेल म्हातारपणी ही एकाच गोष्टीला धरून बसली आहे. मग बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्सकडे बघ. १९६९ मध्ये फ्रान्समधल्या ब्लोआच्या ट्रॅकवर तो जबर पडला, कंबर दुखावली, आणि त्यानंतर तो सीटची उंची सतत बदलत राहिला. भर शर्यतीतसुद्धा. टूर द फ्रान्स पाच वेळा जिंकलेला माणूस मिलिमीटरसाठी झगडत होता, आणि तू सात-आठ सेंटिमीटर ‘सवय होईल’वर सोडून देणार?

त्याच मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापलं. ब्रिटिश सायकलपटू ख्रिस बोर्डमनने १९९६ मध्ये ते ५६.३७५ वर नेलं, हात पार पुढे ताणून, अंग लांब आणि अरुंद करून. पुढे नियम बदलले. २००० मध्ये त्याच बोर्डमनला मर्क्ससारख्या साध्या सायकलवर, साध्या ड्रॉप हँडलवर बसवलं, तेव्हा ४९.४४१ झालं. मर्क्सपेक्षा फक्त १० मीटर जास्त. सायकल वेगळी होती हे खरंच, पण त्या सात किलोमीटरमधला मोठा वाटा त्याच्या बैठकीचा होता. वेग बैठकीतून येतो, आणि बैठक तासन्‌तास टिकते ती अंगाला बसणाऱ्या सायकलवरच. मी माझ्या ‘वेगवान’ सायकलवर वाकायचं सोडून हँडलच्या वरच्या दांड्याला धरून, ताठ बसून जात होते. म्हणजे जड सायकलवर बसत होते तशीच, वर हात बधिर.

आता रविवारचं. तू मागे का पडलीस याचं उत्तर तू सायकलमध्ये शोधते आहेस. थोडं तिथे आहेही. सपाट रस्त्यावर वेग वाढला की मुख्य भांडण वाऱ्याशी असतं. वाऱ्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. २० चा वेग ३० केला तर फक्त वाऱ्यापायी सव्वातीन पटींहून जास्त ताकद लागते. तुझ्या आताच्या हायब्रिडवर, म्हणजे सरळ हँडलच्या सायकलवर, तू ताठ बसतेस, वारा छातीवर घेतेस. पण तूच लिहिलंयस की चढावर तू त्यांच्याबरोबर होतीस आणि सपाटीवर सुटलीस. चढावर सोबत होतीस, मुली! मग कमी काय आहे तुझ्यात? तू त्यांच्या मागे तीन-चार सायकलींचं अंतर ठेवून चालवतेस, मी पाहिलंय. पुढच्याच्या चाकामागे जवळ राहिलीस तर बरीच मेहनत वाचते. ते शिकायला लागतं, भीती वाटते, आणि ते कोणी विकत देत नाही. पुढच्या वेळी ओळखीच्या, सरळ रेषेत चालवणाऱ्या माणसाच्या मागे राहा, त्याच्या चाकाकडे टक लावू नकोस, खांद्यांवरून पुढे बघ.

शिवाय तुझ्या हायब्रिडला अजूनही ते जाडे गोट्यांचे टायर आहेत. ते काढ, गुळगुळीत टायर घाल, दर आठवड्याला हवा तपास. सीट तुला फार खाली आहे, पॅडल खाली असताना गुडघा फार दुमडलेला राहतो. वर घे. एवढं दोन महिने करून बघ.

मी रोड बाइकच्या विरोधात नाही, हे मला ठासून सांगायचंय, कारण माझ्याबद्दल तसं बोललं जातं. मागच्या वर्षी मी एकाला अशीच सायकल घेऊ दिली नाही आणि तो माझ्याशी बोलेनासा झाला. त्याचं मन मोडलं हे मला कळतं. तरी पुन्हा तेच सांगेन. मी आज ड्रॉप हँडलच चालवते, लहान फ्रेमची, आणि लांब पल्ल्याला त्यासारखं काही नाही. वरचा दांडा, ब्रेकवरची पकड, खालचा बाक, अशा तीन जागा हातांना मिळतात, म्हणून पाठ आणि मनगटं आळीपाळीने सुटतात. तुला हवी असेल तर नक्की घे. शर्यतीची नको, एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या प्रकारातली घे, तिचं तोंड उंच असतं. २८ मिलिमीटरचे टायर आरामात मावतील अशी बघ. २३ चे दगडासारखे फुगवलेले टायर म्हणजेच वेग ही समजूत आता मोठ्या शर्यतींतही उरलेली नाही. पुढची लहान चकती ३४ दातांची आणि मागची मोठी किमान ३२ ची. लहान फ्रेमवर वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं का ते फेरी मारताना मुद्दाम तपास. आणि फेरी पाच मिनिटांची नको, तासाभराची माग. तासाने खरं कळतं.

तुझ्या मनात या वर्षीची २०० ची ब्रेव्हे आहे हे मला माहीत आहे. तिला साडेतेरा तास मिळतात. थांबणं धरून ताशी पंधरा किलोमीटरसुद्धा पडत नाहीत. सायकल कुठलीही चालते. तुझी हायब्रिड ते अंतर नीट पार करेल. माझी ‘वेगवान’ रोड बाइक १४० ला थांबली होती.

आज संध्याकाळी एवढं कर. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी राहा, मांड्यांमध्ये एक जाड पुस्तक सीटसारखं घट्ट वर दाबून धर, आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोज. दोनदा मोज. त्याला ०.८८३ ने गुणलंस की पॅडलच्या त्याच मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते, सुरुवातीला तेवढी ठेवायची. दोन्ही आकडे मला पाठव, आणि हायब्रिडचं सीट ते हँडल अंतरही. रविवारी मी टेप घेऊन येते, तुझ्या मागेच चालवेन.

त्या माणसाला आजच नाही म्हणून कळव.

तुझी,
मावशी