ग्वाम या प्रशांत महासागरातल्या अमेरिकी बेटावर असान बे ओव्हरलूक नावाची डोंगरावरची युद्धस्मारकाची जागा आहे. ती नुसता फोटो पॉइंट आहे का? एकच सकाळ हातात असेल तर तिथे जावं का?

जा, जरूर जा. फक्त थेट वर जाऊ नका, आधी खाली किनाऱ्यावर जा.

मी नोकरीनिमित्त तोक्योत असतो. तिथून बायकोबरोबर चार दिवस ग्वामला गेलो होतो. पर्यटक उतरतात त्या तुमोन भागातल्या हॉटेलांपासून असानचा किनारा गाडीने अर्ध्या तासाच्या आत येतो. आम्ही पोहोचलो तेव्हा मोठ्ठ्या हिरवळीवर पोरं पतंग उडवत होती. डावं-उजवं टोक सोडलं तर मधे सरळ, उघडा किनारा, लांबी दोन-सव्वादोन किलोमीटर. 8 डिसेंबर 1941 ला जपानने ग्वामवर बॉम्ब टाकले आणि दोन दिवसांत बेट घेतलं. पुढे अडीच वर्षांहून जास्त काळ ते जपानच्या ताब्यात होतं. 21 जुलै 1944 ला अमेरिकेची तिसरी मरीन डिव्हिजन याच वाळूवर उतरली. दुसरी तुकडी दक्षिणेला अगाटला उतरली. वाळूवर समुद्राकडे पाठ करून उभे राहा आणि वर बघा. तिन्ही बाजूंनी घोड्याच्या नालेसारखे वळलेले डोंगर अंगावर येतात. लपायला जागाच नाही.

मग सहा नंबरच्या रस्त्याने निमित्झ हिल चढा. ओव्हरलूकच्या कठड्याशी आलात की मघाशी तुम्ही जिथे उभे होतात ती हिरवळ, डावीकडे असान पॉइंट, उजवीकडे अडेलुपचं टोक आणि पुढे फिलिपिन समुद्र, सगळं एका नजरेत मावतं. पाण्याखालच्या प्रवाळाची कडासुद्धा स्पष्ट दिसते. देखावा फार सुंदर आहे, पण मला पहिली पाच मिनिटं तो सुंदर वाटलाच नाही. कारण या डोंगरांवरच्या जपानी सैनिकांना त्या सकाळी हेच दिसत होतं, इतकंच स्पष्ट. आधी खाली जा म्हणतोय ते एवढ्यासाठी.

आता ओव्हरलूकवरच्या नावांच्या स्मारक-भिंतीबद्दल. घाईत असलेले लोक फोटो काढून भिंतीवरून नुसती नजर फिरवतात आणि निघतात. तुम्ही तसं करू नका. ग्वामसाठी लढताना पडलेल्या अमेरिकी सैनिकांची नावं तिथे आहेत, पण त्यांच्याहून कितीतरी जास्त नावं बेटावरच्या मूळच्या चामोरो लोकांची आहेत. आणि ती फक्त मेलेल्यांची नाहीत. जपान्यांनी सक्तीच्या मजुरीला जुंपलेले, मारहाण सोसलेले, जुलै 1944 मध्ये पावसातून चालवत मानेंगोनच्या छावणीत नेलेले, आणि त्यातून जगलेले, हे सगळे तिथे आहेत. युद्धस्मारकावर जिवंत राहिलेल्यांची नावं मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत. 1940 च्या जनगणनेत ग्वामची सगळी वस्ती 22 हजारांच्या घरात होती, आणि भिंतीवरची नावं हजारोंनी आहेत. म्हणजे ज्याच्या घरातलं एकही नाव इथे नाही असं जुनं घर सापडणं अवघड.

मी वसईत वाढलो, त्यामुळे क्रूझ, सांतोस, पेरेझ ही आडनावं वाचताना मला शाळेची हजेरी आठवली. आमच्याकडे ती पोर्तुगीजांमुळे आली, तिथे स्पॅनिशांमुळे. आमच्या शेजारी एक बाप सहा-सात वर्षांच्या मुलीला उचलून एक नाव दाखवत होता. तिने बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवत वाचलं आणि विचारलं, ही अजून आहे का? तो म्हणाला, तू जन्मलीस तेव्हा होती, तुला मांडीवर घेतलं होतं तिने.

आणखी एक गोष्ट, जी तिथली पाटी सांगणार नाही. मागच्या झाडीकडे थोडा वेळ कान देऊन बघा. पाखरांचा आवाज जवळजवळ नाही. युद्धानंतर लष्करी मालाबरोबर ब्राउन ट्री स्नेक नावाचा साप बेटावर आला आणि त्याने रानातली बहुतेक मूळची पाखरं संपवली. ती शांतता मला भिंतीइतकीच लक्षात राहिली आहे.

तयारीचं थोडक्यात सांगतो. भारतीय पासपोर्टवर ग्वामसाठी अमेरिकेचा व्हिसा आधीच काढावा लागतो. जपानी पासपोर्टवाले छोट्या सहलीसाठी व्हिसाशिवाय जातात ते बघून फसू नका. तिकीट नाही. गाडी भाड्याने घ्याच, बसच्या भरवशावर राहू नका. सावली कमी आहे, त्यामुळे सकाळी लवकर जा, पाणी आणि टोपी बरोबर ठेवा. भिंतीसाठी निदान अर्धा तास ठेवा.

एवढं करून तासभर उरला तर जवळच पिटी गन्स आहेत. पायऱ्या चढून महोगनीच्या झाडीत गेलात की तीन जपानी किनारी तोफा समुद्राकडे तोंड करून उभ्या दिसतात. त्या बसवायला चामोरो लोकांना राबवलं होतं. लढाईत त्यातून एकही गोळा सुटला नाही.