‘रन आउट ऑफ’ म्हणजे काय आणि ते रोजच्या बोलण्यात कसं वापरायचं?

‘रन आउट ऑफ’ म्हणजे जवळचा साठा संपणे. अर्थ सोपा आहे, अडतं ते वाक्याच्या रचनेत. मराठीत वस्तू संपते: ‘दूध संपलं’. इंग्रजीत इथे कर्ता माणूस होतो: ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’.

आपल्याकडे सर्रास ‘मिल्क इज ओव्हर’, ‘गॅस इज ओव्हर’ म्हणतात. भारतात ते सगळ्यांना कळतं, पण बाहेरच्या माणसाला खटकतं. मॅच, मीटिंग, सुट्टी ‘ओव्हर’ होते, साखर नाही. ‘आय फिनिश्ड द मिल्क’ म्हटलं तर दूध मीच संपवलं, असा अर्थ होतो. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

पोळी तव्यावर आहे आणि शेगडीची ज्योत बारीक होत चालली आहे, अशा वेळी ‘वी आर रनिंग आउट ऑफ गॅस’, म्हणजे संपत आलाय. विझलीच, तर ‘वी हॅव रन आउट’. काय संपलं ते समोर दिसत असेल तर ‘ऑफ’ गळतो. काल संपला असेल तर ‘रॅन आउट’.

वस्तूला कर्ता करायचंच असेल तर ‘द मिल्क हॅज रन आउट’ हेही बरोबर, फक्त तिथे ‘ऑफ’ लावू नका.

वेळ, पैसे, कल्पना, संयम यांनाही हेच चालतं. ‘आय ॲम रनिंग आउट ऑफ पेशन्स’ म्हणजे आता माझा संयम सुटत चाललाय. क्रिकेटमधला ‘रन आउट’ मात्र वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही.