त्याची वही कोरी राहिली तरी चालेल

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या वर्गातला, दुसरीतला तो मुलगा फळ्यावरचं सगळं उतरवून घेतो, पण काही विचारलं की गप्प. घरीही दोन शब्दांच्या पुढे वाक्य जात नाही. आणि तू विचारतेस, निपुणची, म्हणजे पायाभूत वाचन-गणिताची, चाचणी जवळ आली आहे, त्याच्याकडून रोज किती शुद्धलेखन करून घेऊ?

एक ओळही नको. आधी बोलणं, मग अक्षर.

माझ्याकडे असाच एक होता. १९९७ साल. पहिली ते चौथी मिळून आम्ही दोघं शिक्षक. त्याचं अक्षर मोत्यासारखं. वेलांट्या, रफार, जोडाक्षरं, कुठे खोट नाही. तपासणीला साहेब आले की त्याची वही मी गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवायची. तो चौथीत असताना एकदा अचानक पाऊस आला. मी त्याला म्हटलं, "बाहेर वाळत टाकलेली बस्करं आत आण." तो धावत गेला आणि खडूचा डबा घेऊन आला. सगळा वर्ग हसला, मी रागावले. मग काय वाटलं कोण जाणे, त्याचीच वही उघडली, त्यानेच लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, वाच. पहिला शब्दही त्याला वाचता आला नाही. इतकी वर्षं तो अक्षरं लिहीत नव्हता, अक्षरांची चित्रं काढत होता, आणि मी त्या चित्रांना 'छान' असा शेरा देत होते.

नंतर त्याच्या आईकडून कळलं, दर पावसाळ्यात त्याचे कान फुटायचे आणि घरचे कोमट तेल घालायचे. त्याच्या पाठीमागे उभं राहून हळूच हाक मारून बघायला किती वेळ लागला असता?

पन्नासच्या वर मुलं होती, शिवाय सर्वेक्षणं, निवडणुका. तेव्हाच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. त्यात ऐकण्याचं होतं, पण भाषेचं किंवा वाचनाचं नावही नव्हतं. प्रशिक्षणात यातलं कुणी काही सांगितलं नाही. हे सगळं खरं आहे आणि मी ते पुष्कळदा, पुष्कळांना सांगितलंय. पण ती वही रोज माझ्याच हातात होती.

तुझं तसं नाही. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व वेगळं धरलंय, विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली अडचण, वेगळी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येतं. भाषाविकासातला उशीर त्यांच्या यादीतच आहे. पण पथकाची वाट बघत बसू नकोस. उद्याच त्याच्या मागून, तोंड दिसणार नाही असं उभं राहून, हळू आवाजात हाक मार. शंका आली तर सरळ जिल्हा रुग्णालयात कानांची तपासणी. तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना आजच फोन कर.

तो घरी कुठली भाषा बोलतो हे तू लिहिलंच नाहीस. पावरी, कोरकू, गोरमाटी? घरच्या भाषेत घडाघडा बोलणारं मूल शाळेत गप्प बसत असेल तर त्याला उशीर झालेला नाही, आपली भाषा त्याला परकी आहे. आईला विचार, आजीशी भांडतो तेव्हा काय काय बोलतो.

आणि उच्चार व भाषा यांत गल्लत करू नकोस. "तावला उलून गेला" म्हणणाऱ्या मुलाकडे भाषा आहे, जीभ तेवढी वळत नाही. "कावळा" स्वच्छ म्हणून तिथेच थांबणाऱ्या मुलाची काळजी मला जास्त वाटते.

आईसमोर डिस्लेक्सिया हा शब्द एवढ्यात काढू नकोस. अध्ययन अक्षमतेची प्राथमिक चाळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा करायची असते. तुझ्या वर्गातला हा मुलगा सात वर्षांचा आहे. घ आणि ध, म आणि भ यांत सगळीच मुलं काही काळ अडकतात. आपली लिपीही सोपी नाही. 'कि' म्हणताना आधी क येतो, लिहिताना आधी वेलांटी. पण याची चिंता पुढची. ज्याच्या डोक्यात घमेलं हा शब्दच नाही, त्याने घ, म, ल जुळवून वाचलं तरी तो शब्द जाऊन बसणार कुठे? आधी बोलणं, मग अक्षर. किती वेळा सांगू?

काय करायचं ते सांगते. खिचडी वाढताना त्याला ताटल्या वाटायला उभा कर. "ताट," तो म्हणेल. तू म्हण, "रिकामं ताट. रिकामं ताट दे." तो "बस" म्हणाला तर तू म्हण, "लाल बस आली." त्याने पुन्हा म्हणावं असा हट्ट नको. प्रश्न विचारलास तर मनात दहापर्यंत मोज. तू तीनवरच उत्तर सांगून टाकशील, मला माहीत आहे, तू वर्गात असतानाही अशीच उतावळी होतीस. दहा मोज. शेजारची पोरगी त्याच्या वतीने बोलायला लागली तर तिलाही मायेने थांबव.

त्या मुलानंतर निवृत्तीपर्यंत मी रोजचा पहिला अर्धा तास पुस्तक उघडू दिलं नाही. नुसत्या गप्पा. शेरेपुस्तकात माझ्या नावावर "लेखनकार्य कमी" असं तीनदा लिहिलेलं आहे. मी सही केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गप्पा मारल्या. मुख्याध्यापक तुला वहीबद्दल विचारतील. विचारू देत. बाईंनी सांगितलंय म्हण, हवं तर हे पत्र दाखव.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की फोन कर. कानांचं काय निघालं ते आधी सांग, चाचणीचं नंतर.

तुझी,
बाई