नोकरी, दोन पोरं आणि जीएनएम: माझं कसं जमलं (आणि कुठे फसलं)

तुझं वय ३१, बारावी आर्ट्स, दोन मुलं, मिस्टरांची रिक्षा, आणि आता जीएनएमला (नर्सिंगच्या डिप्लोमाला) नंबर लागलाय तर हॉस्पिटलातली रिसेप्शनची नोकरी चालू ठेवू का, असं विचारलंयस. मी २९ व्या वर्षी ॲडमिशन घेतलं, सोलापुरात, घरी सासूबाई, पाच वर्षांची मुलगी आणि नवऱ्याचं काम नुकतंच सुटलेलं, त्यामुळे सरळ सांगते: होतं, पण फुल टाइम नोकरी धरून होत नाही.

कारण हजेरी. लोक फीचं टेन्शन घेतात, माणूस अडकतो हजेरीत. थिअरीला थोडीफार सूट मिळते पण क्लिनिकलची, म्हणजे वॉर्डातल्या ड्युटीची हजेरी १०० टक्के भरल्याशिवाय शेवटी सर्टिफिकेट हातात पडत नाही, बुडलेली ड्युटी सुट्टीत भरून काढावी लागते. आणि पोस्टिंग बदलत राहतं, आज सकाळपाळी, पुढच्या महिन्यात दुपार, मग नाइट, मधेच कम्युनिटीला खेड्यात. लेबर रूमला असलीस तर केसबुक, म्हणजे केलेल्या बाळंतपणांची नोंदवही भरायची असते, आणि बाळंतीण काही तुझी शिफ्ट बघून येत नाही.

मी पहिल्या वर्षी शहाणपणा केला, घरी पेशंट सांभाळायला माणसं पाठवणाऱ्या ब्युरोतून रात्रीचे पेशंट घेतले. रात्री आठ ते सकाळी सात एका आजोबांकडे, तिथूनच युनिफॉर्म घालून वॉर्डात. म्हटलं पेशंट झोपतात, आपणही डुलकी काढू. कसली डुलकी, आजोबा दर तासाला उठायचे. दीड महिना रेटलं. मग एक दिवस मेडिकल वॉर्डात टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेत होते, १४ नंबरच्या आजींच्या मनगटावर बोटं, नजर घड्याळाच्या सेकंद काट्यावर, आणि उभ्या उभ्या डोळा लागला. जाग आली तेव्हा किती मोजले काही आठवेना. चार्टवर ७८ लिहून मोकळी झाले, कारण आदल्या दिवशी ८० च्या आसपास होते. आमच्या कॉलेजच्या मॅडम मागेच होत्या. त्यांनी स्वतः पूर्ण मिनिट मोजलं, ११२. ओरडल्या नाहीत, फक्त विचारलं, रात्री कुठे होतीस? आजींना ताप चढत होता आणि मी नॉर्मल लिहून ठेवलं होतं गं. त्याच संध्याकाळी ब्युरोला फोन करून नाही सांगितलं.

पण घर तर चालवायचंच होतं. मग कडक भाकऱ्या सुरू केल्या. ज्वारीची कडक भाकरी आठवडे न् आठवडे टिकते, म्हणजे कुठल्याही पाळीला वेळ मिळाला की थापायची, ताज्या डब्यासारखं बरोबर बारालाच पोचवायचं बंधन नाही. सासूबाई शेंगाचटणी कुटायच्या, मी रविवारी १५० पर्यंत भाकऱ्या काढायचे, दोन दुकानं घ्यायची. पुस्तक ओट्यावर, त्याची पानं अजून पिठाळ आहेत. तू भाकऱ्याच कर असं नाही, शिवण असेल, फॉल-पिको असेल, पण काम असं बघ जे तुझ्यासाठी थांबेल. रिसेप्शन थांबत नाही. मालक चांगला असेल तर फक्त रविवारची ड्युटी मागून बघ.

पैशाचं म्हणशील तर फी सोडून बाकीचे खर्च आधी लिहून काढ: युनिफॉर्म, बूट, सेकंद काट्याचं घड्याळ, जर्नलं, रोजचा बसपास, खेड्यातल्या पोस्टिंगचं जाणं-येणं. फीचे हप्ते लेखी मागून घे. महाडीबीटीला (सरकारी स्कॉलरशिपच्या वेबसाइटवर) तुमच्या प्रवर्गाचं काय बसतं ते बघ, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, पण ते पैसे फीसाठीच धर, किराणासाठी नाही.

आणि हो, हजेरी न लावता जीएनएम करून देतो म्हणणारे एजंट भेटतील. तिकडे एक रुपयाही देऊ नकोस, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळालं नाही तर त्या कागदाची किंमत शून्य. कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल दोन्हींची मान्यता आहे ना, ॲडमिशन पक्कं करायच्या आधी बघ.

मॅडमना घरची परिस्थिती पहिल्याच आठवड्यात सांग. मी लाजून लपवली आणि ती ११२ ची वेळ आली. नंतर त्यांनीच माझं नाइट पोस्टिंग पोरीच्या शाळेच्या सुट्टीत बसवून दिलं.

मुलं किती वर्षांची आहेत आणि रात्री त्यांच्यापाशी कोण असेल हे लिहिलं नाहीयेस, तेवढं सांग. पहिल्या पोस्टिंगचं टाइमटेबल मिळालं की तेही टाक, काम कुठे बसतं ते बघू.