मटणाचे तुकडे कुणाच्या ताटात?

आक्का,
माझी मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत आहे. शाळेकडून कुस्ती खेळते. वजन ५२ किलो. वस्ताद म्हणतात, ४९ किलोत खेळव, ५३ मध्ये पोरी दांडग्या असतात. तेव्हापासून रात्री जेवतच नाही, सकाळी चतकोर भाकरी चिवडते. सासूबाई तुपाची वाटी घेऊन तिच्या मागे. मालकांनी ३२०० रुपयांचा पावडरीचा डबा आणलाय आणि जेवताना रोज ऐकवतात, "कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ऑलिंपिकचं पदक आणलं, तुला जिल्ह्याचं जमंना?" हल्ली ती पहाटे उठत नाही, चिडते, तालीम नको म्हणते. तीन महिने पाळीही आलेली नाही, पण मैत्रिणी म्हणतात खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं. तिची जिद्द परत कशी आणू?
– एक आई, कोल्हापूर

अगं बाई,

पाळीचं तू शेवटी, जाता जाता लिहिलंयस. मी तिथूनच सुरू करते. खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं, हे साफ चूक. या आठवड्यातच तिला डॉक्टरांकडे ने, सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात ने नाहीतर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंकडे. तालीम किती तास, जेवण किती, झोप किती, हे सगळं सांग, नाहीतर पाळी आणायची गोळी लिहून मिळेल आणि विषय तिथंच मिटेल. हिमोग्लोबिनही तपासून घे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं होतं. तुझी पोर तर वर घामही गाळते.

कारण दुसरंही निघू शकतं, ते डॉक्टर बघतील. पण पत्र वाचून माझा संशय जेवणावरच आहे. कसरत भरपूर आणि अन्न अपुरं असं झालं की शरीर काटकसरीला लागतं. पाळी थांबते, हाडं भरायची ती नीट भरत नाहीत, बारीकसारीक दुखापत बरी व्हायला वेळ लागतो. चिडचिड होते, कशातच मन लागत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ साली या दुखण्याला वेगळं नावच दिलं, इतकं ते खेळाडूंमध्ये सापडतं. म्हणजे जिला तू जिद्द म्हणतेस ती कुठं गेली नाही. पोर उपाशी आहे. उपाशी माणसाला भाषण देऊन काय होणार?

झोपेचंही बघ. दहावीचा क्लास, गृहपाठ, मग पहाटेची तालीम. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. तिला किती मिळते, बोटांवर मोज. आठवड्यातले दोन दिवस पहाटेची तालीम बंद ठेवली तर तिची कुस्ती बिघडणार नाही.

आता ४९ किलोचं. विनेश फोगट आठवते ना? ऑगस्ट २०२४, पॅरिस, ५० किलो गट. फायनलच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरलं आणि बाद. रात्रभर अन्नपाणी तोडलं, घाम गाळला, केससुद्धा कापले. तिच्यामागे डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते. तुझ्या पोरीमागे कोण आहे? सासूबाई आणि तुपाची वाटी. वाढत्या वयात घाईनं उतरवलेल्या तीन किलोंत पाणी जातं आणि दंडा-मांड्यांची ताकदही जाते, मग मॅटवर ती लढणार कशाच्या जोरावर? ५२ किलोची पोर ५३ किलोतच शोभते. पाणी न पिता राहणं, अंगाला प्लॅस्टिक गुंडाळून पळणं असले प्रकार तालमीत चालत असतील तर तिथल्या तिथं बंद करायला सांग.

डब्याचं ऐक. तिच्या वजनाच्या खेळाडूला दिवसाला साधारण ६५ ते ८० ग्रॅम प्रोटीन पुरतं. दोन अंड्यांचे १२ ग्रॅम. अर्धा लिटर म्हशीच्या दुधाचे १८-२०. मूठभर शेंगदाण्यांचे सात-आठ. मटकीची उसळ आणि आमटी मिळून दोन भरल्या वाट्या, त्याचे १२-१४. चार भाकऱ्यांचे वीसेक. झालं की! यात मटण धरलंच नाही. अंडं सात रुपयाला धरलं तरी ३२०० रुपयांत रोज दोन अंडी सात महिने येतात. सील फोडलं नसेल तर डबा परत कर. अशा डब्यांत लेबलवर नसलेली औषधंही सापडतात आणि पुढं डोपिंगच्या चाचणीत अडकतो तो खेळाडू, दुकानदार नाही.

मटणाचा विषय निघालाच आहे तर विचारते, रागावू नकोस. रविवारी तुमच्यात तुकडे कुणाच्या ताटात पडतात? मी आपल्याकडची बरीच घरं पाहिलीत. दादाच्या ताटात नळी आणि पोरीच्या वाटीत पांढरा रस्सा. रस्सा झकासच, पण अंगाला लोह लागतं ते तुकड्यांतून. पैलवान घरात कोण आहे ते बघून वाढ. इतर दिवशी पालेभाजी, उसळ, वर लिंबू पिळलेलं, आणि जेवणावर लगेच चहा नको, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

पहाटे रिकाम्या पोटी पाठवू नकोस. एक केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू पुरे. आल्यावर तासाभराच्या आत नीट न्याहारी: भाकरी, अंडी, दूध. रात्रीचं जेवण सोडायचं नाही, भाकरी-भात तर अजिबात सोडायचा नाही, कसरतीची ताकद त्यातूनच येते. मिसळ खाऊ दे की, फक्त तालमीला जायच्या आधी कट नको. सासूबाईंशी तुपावरून भांडू नकोस, भाकरीवर चमचाभर चांगलंच. वाटीभर तुपाचा खुराक जोर-बैठकांत दिवस काढणाऱ्या मोठ्या गड्यांचा, दहावीच्या पोरीचा नाही. आणि गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध पाजायचा बेत असेल तर राहू दे. आपल्याला त्याचा कितीही अभिमान असला तरी कच्च्या दुधानं पोट बिघडू शकतं, तापही येऊ शकतो. उकळूनच दे.

राहिले मालक. त्यांना स्वप्नीलचाच हिशोब सांग. तो २००९ साली सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, कांस्यपदक आलं २०२४ मध्ये. मधली पंधरा वर्षं कुणी ऐकवत नाही! शिवाय त्याच्या नेमबाजीत तीन किलो उतरवायची भानगड नसते. घरात एक नियम कर, ताटावर बसल्यावर वजन आणि पदक हे दोन विषय काढायचे नाहीत. हरून आली तर गाडीवर मागे बसवून डाव कुठं चुकला ते समजावू नये, ते वस्तादांचं काम. बापानं फक्त विचारायचं, भूक लागली का. मालक ऐकणार नाहीत असं वाटत असेल तर डॉक्टरांकडे त्यांनाच सोबत ने. बायकोचं न ऐकणारे पुरुष रिपोर्टचं ऐकतात, असा माझा अनुभव.

वस्तादांकडे दोघं मिळून जा, पोरीला न घेता, तालीम सुटल्यावर. तक्रारीच्या सुरात बोलू नका. डॉक्टरांनी वजन उतरवायला मनाई केलीय, यंदा ती ५३ मध्येच खेळेल, हरली तरी आमची हरकत नाही, एवढं सांगा. चांगला वस्ताद हे ऐकतो. नाही ऐकलं तर तालीम बदला, कोल्हापुरात तालमींचा दुष्काळ पडलेला नाही.

तिला काय हवंय ते मात्र आत्ता विचारू नकोस. रिकाम्या पोटी आणि अपुऱ्या झोपेत ती नकोच म्हणणार. डॉक्टर म्हणतील तितके दिवस तालीम बंद, पोटभर जेवण, भरपूर झोप. अंगात जरा जीव आला की विचार. तेव्हाही कुस्ती नको म्हणाली तर नको, फुटबॉल खेळेल, नाहीतर काहीच खेळणार नाही. हे मालकांना आधीच सांगून ठेव, ऐन वेळी घरात तमाशा नको.

– तुझी आक्का